खारीवर पोट भरतं काय?

ताई, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या वडणग्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक अकरावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. अंगणात पडलेल्या खारीच्या पिल्लाला तिनं ड्रॉपरनं गाईचं दूध पाजलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. तेव्हापासून ‘जखमी जनावरांचंच काम करणार’ असा तिचा हट्ट आहे. तिचे बाबा विचारतात, "खारीवर पोट भरतं काय?"

नाही भरत. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण आधी त्या पिल्लाचं बोलू, कारण तिच्या मनात तेच अडकलंय.

माया कमी पडली म्हणून ते गेलं नाही, हे तिला सांगा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग थोडं थोडं पाणी, आणि दूध सगळ्यात शेवटी. तेही गाईचं नाही, त्यानं हगवण लागते. ड्रॉपर जोरात दाबला तर दूध पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरतं. लहानपणी मीही कावळ्याचं पिल्लू बुटाच्या खोक्यात ठेवून दूध-पाव खाऊ घालून मारलंय, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

या कामात कुरवाळणं फार कमी असतं. तुमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की फडात रानमांजराची नाहीतर वाघाटीची, म्हणजे ठिपक्यांच्या छोट्या जंगली मांजराची, पिल्लं सापडतात आणि ‘बिबट्याची पिल्लं!’ म्हणून गाव गोळा होतं. अशा वेळी पिल्लं तपासून, बरी असतील तर अंधार पडताना त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि माणसं लांब होतात. रात्री आई येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. त्यांना घरी आणून बाटलीनं वाढवलं तर ती माणसाला सरावतात, मग जंगलात टिकत नाहीत. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं रानातलं जनावर परवानगीशिवाय घरी ठेवता येत नाही. पुढच्या वेळी आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

आता शिक्षण. उपचार करायचे तर पशुवैद्यकाची पदवीच हवी, दोन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कुणी सुईला हात लावू देत नाही. बीव्हीएससी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. प्रवेश नीटच्या गुणांवर, म्हणजे ती आता करते तोच अभ्यास. कोल्हापूरहून जवळचं, महाराष्ट्रातलं सरकारी कॉलेज सातारा जिल्ह्यात शिरवळला. पुढे वन्यजीवांकडे वळायचं तर नागपूरला गोरेवाड्यात पशुविज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव केंद्र आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पुण्यात कात्रजला प्राण्यांचं अनाथालय आहे. सुया-टाके नको, पण जनावर सोडवायला जायचंय, असं असेल तर एमपीएससीतून वनक्षेत्रपाल व्हायचा रस्ता वेगळा.

पोटाचं म्हणाल, तर निव्वळ वन्यजीवांच्या नोकऱ्या मोजक्या, बऱ्याचशा कंत्राटी. पण हीच पदवी घेऊन पशुधन विकास अधिकारी होता येतं, दूध संघात जाता येतं, स्वतःचा दवाखाना टाकता येतो. म्हशींच्या आपल्या जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर उपाशी राहत नाही. घुबड-खारी आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस गोठा, अशीही कारकीर्द होते, आणि मला ती वाईट वाटत नाही.

तिला एवढ्यात ‘हो’ म्हणू नका, ‘नाही’ही म्हणू नका. मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारा आणि महिनाभर तिला त्यांच्यासोबत फिरू द्या. शेण, पू, मेलेलं वासरू, सगळं बघू दे. एखाद्या रात्री अडलेली म्हैस सुटेपर्यंत कंदील धरून उभी राहील आणि पहाटे घरी येईल. तेव्हा लगेच "काय ठरलं?" विचारू नका. आधी अंघोळीला पाणी तापवून द्या.