डॅशबोर्डवर उणे ४० अंश

प्रश्न : पुढच्या बंपरचे काम करून घेतल्यापासून माझ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान कधी बरोबर, तर कधी एकदम उणे ४० अंश दिसते आणि तसे दिसू लागले की एसीही गार हवा देईनासा होतो. गॅरेजमध्ये सेन्सर बदलायला सांगितले आहे. बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. आकडा कोणता चुकतो आहे यावरूनच बिघाडाचा निम्मा माग लागतो आणि आपल्या गाडीत संशय सेन्सरपेक्षा त्याच्या जोडणीवर अधिक जातो. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, म्हणजेच तापमानाप्रमाणे विजेला होणारा रोध बदलणारा छोटा भाग असतो. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या किंवा जाळीच्या मागे, तर काही गाड्यांत बाजूच्या आरशाखाली बसवलेला असतो. हवा जितकी गार, तितका त्याचा रोध जास्त. त्यामुळे वायर तुटली किंवा कनेक्टर निसटला, की रोध अतोनात वाढल्यासारखा भासतो आणि कंट्रोल युनिट (सेन्सरचे संकेत वाचणारा गाडीतला संगणक) त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावते. अशा थंडीत कॉम्प्रेसर चालू द्यायचा नाही, अशी व्यवस्था अनेक गाड्यांत असल्याने एसीही रुसतो. (अंशांचे एकक बदलून पाहण्यात अर्थ नाही, उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरेनहाइट एकच असतात.)

बिघाड येतो-जातो, म्हणजे कुठेतरी सैल जोड आहे. बंपर उतरवताना हा कनेक्टर काढावा लागतो आणि परत लावताना त्याची खिट्टी नीट बसलेली नसते, असे सर्रास घडते. इंजिन गार असताना, इग्निशन बंद करून तो काढून पाहावा. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा आणि क्लिपमध्ये दबलेली किंवा घासलेली वायर आहे का, हे हाताने चाचपावे.

एवढ्याने भागले नाही, तरच रोध आणि व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घ्यावा. सुट्या सेन्सरचा रोध आधी खोलीच्या तापमानाला आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात धरून मोजावा. मूळ आकडा गाडीगणिक वेगळा असतो. पण २५ अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला तो साधारण तिप्पट व्हायला हवा. तसा झाला तर सेन्सर निर्दोष आहे. मग इग्निशन चालू करून वायरिंगकडच्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज पाहावे. सहसा ते ५ व्होल्टच्या आसपास असते. तिथे काहीच मिळाले नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा कंट्रोल युनिटमध्ये आहे आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

सेन्सर परत बसवताना तो मूळ जागीच अडकवावा. रेडिएटरजवळ लोंबकळत ठेवला, तर उणे ४० जाऊन आकडा सतत चढा दिसू लागेल. दुरुस्तीनंतरही काही गाड्या जुना आकडा लगेच सोडत नाहीत, म्हणून थोडे अंतर वेगात चालवल्यावरच निष्कर्ष काढावा.