गोळीपेक्षा थेंब बरे ना?

"मॅडम, झोपेच्या गोळीची सवय लागते म्हणतात. त्यापेक्षा हे थेंब बरे ना? झाडपाल्याचेच आहेत." हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो.

या काकूंनी (तपशील बदलले आहेत) तर पर्समधून बाटलीच काढली. पॅसिफ्लोरा मदर टिंक्चर, म्हणजे कृष्णकमळाच्या एका जातीचा मद्यार्कातला अर्क. सोबत पुडीत अंगणातल्या कृष्णकमळाची सुकवलेली पानं. रोज रात्री पानांचा काढा, वर थेंब. तरी आठ दिवस डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, छातीत धडधडतं.

"आधी गोळी कोणती होती?"

"क्लोनाझेपाम. चार वर्षं. सोमवारी बंद केली, एकदम!" शाबासकी मिळेल अशाच सुरात म्हणाल्या.

गोम तिथेच होती. वर्षानुवर्षांची ही गोळी एका दिवसात तोडली की झोप आणखी उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी पुन्हा सुरू झाली, ती हळूहळू कमी करायची ठरली.

थेंबांना मी नावं ठेवत नाही. औषधी जात पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. २००१ साली इराणमधल्या एका अभ्यासात तिच्या अर्काची ऑक्साझेपाम या गोळीशी चार आठवडे तुलना झाली. चिंता दोन्हींनी सारखीच कमी झाली. गोळीचा गुण लवकर आला, पण कामात अडचणीही गोळीवाल्यांनाच जास्त आल्या. रुग्ण मात्र ३६. आमच्या सोसायटीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात!

आणि कुंपणावरचं कृष्णकमळ बहुधा दुसऱ्याच जातीचं असतं. काही जातींच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून काढा बंद. गोळी चालू असताना थेंबही नकोत, गुंगी वाढू शकते. गरोदरपणात तर नकोच.

मग खरं काम सुरू झालं. लेक न्यू जर्सीत. ऑफिस सुटलं की तो फोन करायचा, तेव्हा इथे रात्रीचे अडीच. काकू फोन उशाशी घेऊन त्याची वाट बघत पडायच्या. आता तो जेवण उरकून करतो, म्हणजे इथे सकाळी सातला, चहाबरोबर. फोन रात्री हॉलमध्ये असतो.

परवा आल्या तेव्हा गोळी अर्ध्यावर आली होती. बाटली अजून पर्समध्येच; "असू दे हो, धीर येतो." पातळी होती तेवढीच दिसली, म्हणून मीही काही बोलले नाही.