पैरवी, वशिला आणि लाच

उदगीरच्या एका वाचकाने विचारलं आहे: “शिकागोच्या वीज कंपनीच्या लॉबिंग खटल्याबद्दल वाचलं. एकाच मजकुरात कुठं वशिलेबाजी, कुठं दलाली, कुठं लाच. मग लॉबिंगला मराठीत म्हणायचं काय? आणि काम झाल्यावर खुशीनं दिलेलं बक्षीस लाच ठरत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलंय म्हणे. आपल्याकडं तसंच आहे का?”

आधी खटला. शिकागो ज्या राज्यात येतं त्या इलिनॉयच्या विधानसभेचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल मॅडिगन यांची मर्जी राखण्यासाठी कॉमनवेल्थ एडिसन या वीज कंपनीने त्यांच्या माणसांना नोकऱ्या आणि कंत्राटं दिली. काम थोडं किंवा काहीच नाही, पगार मात्र चालू. कंपनीने २०२० मध्ये हे मान्य करून २० कोटी डॉलर भरण्याची तयारी दाखवली. कंपनीच्या माजी प्रमुख आणि मॅडिगन यांचा जवळचा लॉबिस्ट यांच्यासह चौघे २०२३ मध्ये दोषी ठरले. मॅडिगन यांना जून २०२५ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली.

या गोष्टीत लॉबिंग आहे आणि लाचही आहे. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीसाठी दुसरीचा शब्द वापरला की वाचकाला गुन्हा नेमका कशात होता तेच कळत नाही. लॉबिंग, म्हणजे सरकारदरबारी कुणाची तरी बाजू लावून धरणं, हा अमेरिकेत नोंदणी करून, हिशेब देऊन उघडपणे करायचा धंदा आहे. १९९५ चा त्यासाठीचा केंद्रीय कायदाही आहे. म्हणून लॉबिंगला सरसकट वशिलेबाजी म्हणणं मला पटत नाही. मराठीत ‘लॉबी’ शब्द रुळला तोही बहुतेक गटाच्या अर्थाने: साखर लॉबी, बिल्डर लॉबी. त्यातून क्रियेचा शब्द हाती लागत नाही.

तो शब्द आपल्याकडे आहे, आणि मराठवाड्याला तो शिकवावा लागणार नाही: पैरवी. फारसीत पै म्हणजे पाऊल, आणि पैरवी म्हणजे पावलामागे पाऊल टाकत जाणं, पाठपुरावा. निजामाच्या राज्यात कोर्टाचं कामकाज उर्दूत चालायचं. १९४८ नंतर राज्य गेलं, तरी शब्द वकिलांच्या आणि पोलिसांच्या तोंडी राहिला. खटल्याच्या बातमीत शेवटी आजही असतं: “कोर्ट पैरवी म्हणून अमुक अंमलदाराने काम पाहिले.” हिंदीत लॉबिंगसाठी हाच शब्द वापरतात. आपणही ‘कंपनीसाठी पैरवी करणारा’ किंवा सरळ ‘पैरवीकार’ म्हणायला काय हरकत आहे? रेल्वेच्या रुंदीकरणासाठी मराठवाडा जनता विकास परिषदेने सरकारदरबारी मागण्या लावून धरल्या, ती पैरवीच होती. तिच्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. उलट अभिमानाने सांगावी अशी ती गोष्ट आहे.

वशिला हा अरबी वसीला. मूळ अर्थ साधन, जवळ पोचण्याचा मार्ग. देवापर्यंत पोचवणारं माध्यम अशा पवित्र अर्थानेही तो शब्द चालतो, आणि खुलताबादच्या दर्ग्यांत तो त्या अर्थाने सहज समजेल. मराठीत आल्यावर तो ऑफिसच्या दारात येऊन थांबला. “कुठं वशिला लागतो का बघा की” या वाक्यात पैसा नाही, नातं आहे, ओळख आहे. पैरवी मुद्द्याच्या जोरावर चालते, वशिला माणसाच्या. पुढे ही ओळखच कुणी पैसे घेऊन विकू लागला, की मामला फौजदारी होतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. त्यात २०१८ साली घातलेलं कलम ७अ नेमकं याबद्दल आहे: भ्रष्ट किंवा बेकायदा मार्गाने, अथवा स्वतःचं वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकावर प्रभाव टाकण्यासाठी गैरलाभ घेणं. शिक्षा तीन ते सात वर्षं. घेणारा सरकारी नोकर असलाच पाहिजे असं नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या पत्रकात ज्याला ‘खाजगी इसम’ म्हणतात, तोही यात सापडतो. या गुन्ह्याला मी ‘वशिल्याची विक्री’ म्हणेन. ‘वशिलेबाजी’ त्याला तोकडी पडते.

दलालाला मात्र मी या बातमीतून सोडवेन. दलाल हाही अरबी शब्द, वाट दाखवणारा या धातूतून आलेला, आपल्या ‘दलील’चा सख्खा भाऊ. मोंढ्यात दलाल आणि अडत्या उघड भावाने आपली दलाली, अडत घेतात. तहसीलच्या बाहेरच्या एजंटाने त्या शब्दाची अब्रू घालवली, पण धंद्यात तो अजून स्वच्छ आहे.

आता लाच. संस्कृत-प्राकृतात लंचा, कानडीत लंच, तेलुगूत लंचम्. तुमच्या उदगीरहून बिदरकडे जा किंवा देगलूरहून तेलंगणात उतरा, शब्द ओळखीचाच भेटेल. लाचेच्या बातमीतलं ठरलेलं वाक्य आपल्याला पाठ असतं: “मागणी करून तडजोडीअंती अमुक रक्कम पंचांसमक्ष स्वीकारताना रंगेहाथ पकडले.” यातले दोन शब्द सगळा खटला पेलतात, मागणी आणि स्वीकार. ती सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नाही; मात्र तक्रारदार हयात नसला किंवा उलटला, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून ती सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नीरज दत्ता प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सांगितलं.

राहिली बक्षिसी. तुम्ही ऐकलेला निकाल २६ जून २०२४ चा, जेम्स स्नायडर यांचा. हे इंडियाना राज्यातल्या पोर्टेज गावाचे तेव्हाचे महापौर. गावाने एका कंपनीकडून सुमारे ११ लाख डॉलरचे पाच ट्रक घेतले आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने त्यांना १३ हजार डॉलरचा धनादेश दिला. सल्ल्याचा मोबदला, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं, की राज्य आणि स्थानिक पदाधिकाऱ्यांना लागू असलेलं ते केंद्रीय कलम कामाआधी दिलेल्या किंवा ठरलेल्या लाचेसाठी आहे. काम झाल्यावर कृतज्ञता म्हणून दिलेली बक्षिसी त्यात बसत नाही. बक्षिसी योग्य आहे, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. तिला आवर घालणं त्यांनी राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर सोडलं. या निकालाची झळ शिकागोच्या खटल्यालाही लागली: २०२५ मध्ये त्या चौघांची लाचेच्या आरोपांवरची दोषसिद्धी बाजूला ठेवली गेली. कट आणि खोट्या नोंदी यांवरची दोषसिद्धी मात्र तेव्हा टिकली, आणि त्यांवर शिक्षाही झाल्या.

आपल्याकडे ही फट इतकी मोठी नाही. आपल्या कलम ७ मध्ये काम करण्यासाठी घेतलेल्या पैशाबरोबरच गैर किंवा अप्रामाणिक कामाबद्दल ‘बक्षीस’ म्हणून घेतलेलाही येतो. २०१८ च्या दुरुस्तीआधी तर ‘हेतू किंवा बक्षीस’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. म्हणून “काम झालं, आता खुशीनं चहापाण्याला” हे वाक्य आपल्या कोर्टात आपोआप ढाल होत नाही. बक्षिसी हॉटेलातल्या पोऱ्याला द्यावी, लग्नात वाजंत्र्याला द्यावी. सरकारी टेबलावरच्या पैशाला हा शब्द मी देणार नाही.

तर तुम्ही वाचलेल्या मजकुरात असं हवं होतं: वीज कंपनीच्या पैरवीकाराला लाचेच्या कटात दोषी ठरवलं.