"काहीही चालेल" म्हणणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलासोबत पहिलं थीम पार्क

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा चौदा वर्षांचा, घरातलं कुणीच आधी थीम पार्कला गेलेलं नाही, हाताशी पाच दिवस आहेत, कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि मुलाला विचारलं की तो फोनमधून मान वर न काढता "काहीही चालेल" म्हणतो. मी घरातल्या आणि मैत्रिणींच्या टीनएजर मुलांना घेऊन अशा सहली बरीच वर्षं आखत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिकिटं काढायच्या आधी एक काम करा. सहलीतला एक मोठा निर्णय मुलाच्या हाती द्या आणि तो मनापासून पाळा. तुमच्या यादीवर त्याचं मत मागणं वेगळं आणि हे वेगळं. कोणत्या पार्कला जायचं हाच निर्णय त्याचा असू दे. बजेट, तारखा आणि प्रवासाचे तास तुम्ही ठरवा, त्यात बसणारे तीन पर्याय त्याच्यासमोर ठेवा आणि आठवड्याची मुदत द्या. या वयात मुलांना सगळ्यात जास्त काय खुपतं, तर आपल्याला अजून लहान समजतात हे. थीम पार्क म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर कार्टूनचे कान लावलेली पाच वर्षांची मुलं येत असणार. त्याच्या तोंडून निघणारं "काहीही चालेल" हे बहुतेक वेळा तिथूनच येतं.

पर्याय देताना नुसती नावं देऊ नका. "तुला वेग हवा की एखाद्या जगात शिरल्यासारखं वाटायला हवं?" असं विचारा. कारण मोठी पार्क्स ढोबळमानाने याच दोन बाजूंना झुकलेली असतात. अमेरिकेत ओहायोतलं सीडर पॉइंट किंवा कॅलिफोर्नियातलं सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन इथे मुख्य आकर्षण कोस्टर्सचंच, म्हणजे रुळांवरून वेगाने चढ-उतार करणाऱ्या रोलर कोस्टर राईड्सचं. सीडर पॉइंटचा २००० साली सुरू झालेला मिलेनियम फोर्स हा कोस्टर ३१० फूट उंच आहे आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटर गाठतो, बसताना डोळ्यांना गॉगल लावावा लागतो. ज्याला वेगाचं वेड आहे त्याच्यासमोर एवढे आकडे ठेवले तरी फोन बाजूला पडतो. दुसऱ्या बाजूला टोकियो डिस्नेसी, ओसाकाचं युनिव्हर्सल, फ्लोरिडातल्या ऑरलँडोचं २०२५ मध्ये उघडलेलं युनिव्हर्सलचंच एपिक युनिव्हर्स. तिथे राईड इतकाच भोवतालचा देखावा महत्त्वाचा असतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला ओसाकाच्या युनिव्हर्सलमधलं सुपर निन्टेंडो वर्ल्ड एवढंच पुरेसं आहे. दोन्ही हवं असेल तर ऑरलँडोचं युनिव्हर्सलचं दुसरं पार्क, आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर, मला या वयासाठी सगळ्यात आवडतं. तिथला वेलोसिकोस्टर दमदार आहे, आणि तो नको असलेल्या आईवडिलांनाही दिवसभर करण्यासारखं खूप आहे.

डिस्नेच्या मूळ पार्क्सना मी नाही म्हणत नाहीये. पण चौदाव्या वर्षी पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाकडे तिथल्या लहानपणीच्या आठवणी नसतात, आणि त्या जागेची निम्मी जादू आठवणींवर चालते. फ्लोरिडाला जायचं ठरलंच तर एक दिवस डिस्ने, दोन दिवस युनिव्हर्सल असं माझं स्पष्ट मत.

आता भीतीबद्दल. हा विषय आईवडील हसण्यावारी नेतात आणि तिथेच सहल बिनसते. टीनएजर घाबरतो, पण तसं सांगत नाही. "बोअर आहे", "रांग फार मोठी आहे", "मला भूक लागलीय" अशी भीतीची अनेक नावं असतात. माझ्या भाचीचं सांगते. मोठ्या कोस्टरच्या रांगेत ती अर्धा तास अखंड बोलत होती. चढावाची साखळी खडखडताना ऐकू यायला लागली तशी गप्प झाली. हातातला बँड गोल गोल फिरवत राहिली आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "हा उलटा जातो का गं?" मी म्हटलं, दोनदा जातो. मग आम्ही प्लॅटफॉर्मच्या कठड्याशी उभं राहून, मागच्यांना पुढे सोडत, काही गाड्या नुसत्या सुटताना आणि परत येताना पाहिल्या. परत येणाऱ्यांचे चेहरे ती निरखून बघत होती. एक आजोबा हसत हसत उतरले तेव्हा तिने बॅग माझ्याकडे दिली आणि मधल्या ओळीकडे चालू लागली.

मधली ओळ तिला आधीच सांगून ठेवली होती, आणि तुमच्या मुलालाही सांगा. कोस्टरमध्ये जागेनुसार अनुभव बदलतो. पुढच्या डब्यात वारा आणि समोरचं दृश्य सगळ्यात जास्त. शेवटचा डबा पहिल्या उतारावर अक्षरशः ओढला जातो, कारण पुढचे डबे तोवर खाली निघालेले असतात. सीटवरून उचलल्यासारखं तिथेच जास्त वाटतं. मधे त्या मानाने सौम्य. दुसरी गोष्ट, बहुतेक मोठ्या राईड्सना बसण्याच्या जागेजवळ बाहेर पडायची वाट असते. शेवटच्या क्षणी नको वाटलं तर कर्मचाऱ्याला सांगायचं, तो शांतपणे बाहेर काढून देतो. हे आधी माहीत असलेली मुलं रांगेत जास्त टिकतात, असा माझा अनुभव आहे. आणि एकदा नाही म्हटलं की विषय तिथेच संपला पाहिजे. "एवढ्या लांब येऊन?" हे वाक्य घरीच ठेवून जा.

मुलाला यंत्रांची आवड असेल तर भीतीवर माहितीचा उतारा उत्तम चालतो. रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी अशी यंत्रणा असते, त्यामुळे पुढची गाडी अडली तर मागची आधीच थांबवली जाते. मधेच थांबलेली गाडी म्हणजे बऱ्याचदा ही यंत्रणा नीट चालत असल्याची खूण. गाडी उलटी फिरवून आणणारा रुळाचा वेढा, म्हणजे लूप, पूर्ण गोल नसून थेंबासारखा का असतो हेही त्याला शोधायला सांगा. पूर्ण गोल लूपमध्ये शिरताना शरीरावर अचानक फार जोर येतो. १९७६ मध्ये मॅजिक माउंटनच्या रेव्होल्यूशन या कोस्टरमध्ये तो बनवणारे आन्टोन श्वार्ट्सकोफ आणि अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी लूपचा आकार बदलून हा प्रश्न सोडवला. अशा गोष्टी माहीत असलेला मुलगा रांगेत तुम्हालाच समजावून सांगायला लागतो.

आता झोप. जवळपास सगळीकडे सल्ला मिळतो की गेट उघडायच्या आधी पोचा. सल्ला खरा आहे. पहिल्या तासात रांगा सगळ्यात छोट्या असतात, आणि उशिरा सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्यात मोठ्या. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि सकाळी उठवत नाही. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. रोज सहाला उठवलंत तर तिसऱ्या दिवशी तुमच्यासोबत एक चिडका, मुका माणूस फिरत असेल. म्हणून पहाटेचा दिवस एकच ठेवा, ज्या पार्कमध्ये त्याची सर्वांत आवडती राईड आहे त्या दिवशी. तो दिवस त्यालाच निवडू दे. स्वतः निवडलेल्या दिवशी मुलं उठतात.

बाकीचे दिवस दुपारी उशिरा जा आणि बंद होईपर्यंत थांबा. शेवटच्या तासात लहान मुलांची कुटुंबं निघून गेलेली असतात, आतषबाजी किंवा परेड चालू असताना रांगा आणखी ओसरतात, आणि डिस्नेच्या पार्क्समध्ये बंद व्हायच्या आधी रांगेत शिरलात तर सहसा राईड मिळते. शिवाय अंधारात कोस्टर वेगळाच वाटतो, पुढचं वळण दिसत नाही. टीनएजरसाठी हीच वेळ खरी. वेळेच्या फरकाचाही विचार करा. पश्चिमेकडे दूर प्रवास केला तर सुरुवातीचे दिवस सगळ्यांनाच पहाटे जाग येते, तेव्हा लवकरचा दिवस पहिल्यांदाच उरकून घ्या. पूर्वेकडे गेलात तर उलट, तो शेवटाकडे ढकला.

पाच दिवसांत पार्कचे दिवस तीनच धरा. दिवसाला दहा किलोमीटरच्या वर चालणं सहज होतं, आणि तेही थांबत थांबत, जे सरळ चालण्यापेक्षा जास्त दमवतं. मधला एक दिवस पोहणं, लोळणं, काहीही न करणं. नवे बूट घालून जाऊ नका.

रांग टाळायच्या सशुल्क सोयी आता जवळपास सगळीकडे आहेत, नियम मात्र प्रत्येक ठिकाणी निराळे. फ्लोरिडाच्या डिस्नेमध्ये लाइटनिंग लेन आहे. तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ती ७ दिवस आधी घेता येते, इतरांना ३ दिवस आधी. टोकियोत प्रीमियर ॲक्सेस पार्कमध्ये शिरल्यावर ॲपवर विकत घ्यायचा असतो. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या हॉटेलांत राहणाऱ्यांना दोन जुन्या पार्क्सचा (एपिक युनिव्हर्सचा नव्हे) एक्सप्रेस पास खोलीसोबतच मिळतो. गर्दीच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांचे वेगळे पास घेण्यापेक्षा तिथली एक रात्र परवडते का, याचा हिशोब जरूर करा. तिकिटाचं वयही पाहून ठेवा. अमेरिकेतल्या डिस्नेत दहाव्या वर्षापासून पूर्ण तिकीट लागतं, टोकियोत १२ ते १७ साठी वेगळा दर आहे.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि टीनएजरला साजेशी सोय म्हणजे सिंगल रायडरची रांग. एकट्या माणसाला रिकाम्या राहिलेल्या सीटवर बसवतात, म्हणून ती बहुतेक वेळा भराभर सरकते. सगळ्या राईड्सना नसते, पण असेल तिथे त्याला एकट्याला पाठवा. अनोळखी माणसांशेजारी बसून जाऊन आलेला मुलगा बाहेर येतो तेव्हा त्याची चाल बदललेली असते.

यातूनच पुढचा मुद्दा, मोकळीक. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्क्समध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना चौदा किंवा त्याहून मोठ्या कुणाबरोबर तरी आत यावं लागतं. तुमचा मुलगा नेमका त्या रेषेच्या पलीकडे आहे, हे त्याला मुद्दाम सांगा. पहिल्या दिवशी अर्धा तास एकटा सोडा, जमलं तर पुढच्या दिवशी दोन तास. भेटायची जागा सावलीतली आणि कधीही न हलणारी ठरवा, राईडच्या दारात नको, तिथे गर्दीत कुणी दिसत नाही. फोनची बॅटरी ॲप आणि कॅमेऱ्यात दुपारीच संपते, म्हणून पॉवर बँक त्याच्याकडेही असू द्या, आणि हॉटेलचं नाव व तुमचा नंबर लिहिलेला कागद खिशात. राईड अडकली तर उशीर होईल, तेव्हा वीस मिनिटं उशीर झाला म्हणून घाबरायचं नाही, हे तुम्ही स्वतःला बजावा. आणि त्या दोन तासांत मेसेज करून "कुठे आहेस?" विचारू नका.

खर्चाचंही तसंच. खाऊ, खेळ आणि आठवणवस्तूंसाठी एक रक्कम पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या. पहिल्या दिवशी सगळी उडवली तरी वर भर घालू नका आणि बोलूही नका. फोटो काढायच्या आधी विचारा, कुठे टाकायच्या आधी तर नक्कीच. वेशभूषा करायची हौस असेल तर अमेरिकेतल्या डिस्ने पार्क्समध्ये १४ किंवा त्याहून मोठ्यांना एरवी पूर्ण पोशाखात प्रवेश नाही. आवडत्या पात्राच्या रंगांचे साधे कपडे चालतात.

दोन बारीकसारीक गोष्टी. गाडीत मळमळणाऱ्या मुलाला खऱ्या कोस्टरपेक्षा पडद्यावरच्या सिम्युलेटर राईड्सचा त्रास जास्त होऊ शकतो, कारण डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच. अशा दोन राईड्स लागोपाठ ठेवू नका, आणि अगदी उपाशीपोटी बसवू नका. मुलगा अंगाने थोराड असेल तर अनेक कोस्टर्सच्या बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते. गर्दी नसताना तिथे बसून बघू दे, म्हणजे प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर उतरवलं जाण्याची वेळ येणार नाही.

शेवटच्या पार्क दिवशी नवीन काही ठेवू नका. त्याला जी राईड सगळ्यात आवडली ती पुन्हा पुन्हा, पुढच्या डब्यात, मागच्या डब्यात, रात्री, हवी तितक्या वेळा करू दे. आणि तिकिटं घ्यायच्या आधी पार्कच्या साइटवर दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राईड्सची यादी पाहा. त्याने निवडलेलीच राईड तुमच्या तारखांना बंद असेल तर तारखा हलवा. तारखा हलणार नसतील तर त्याला आत्ताच सांगा आणि पार्क पुन्हा निवडू द्या.