बोटीवरून निवृत्त झालेली माणसं घरातही बोटीचीच भाषा का बोलतात?

तुम्ही लिहिलंय की सासरे बोटीवरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्यासाठी स्वयंपाकघर म्हणजे गॅली आणि भिंत म्हणजे बल्कहेड. शेजारी बसून गाडी चालवणाऱ्याला ‘स्टारबोर्डला घे’ सांगतात, आणि आता तुमचा लहान मुलगाही तसंच बोलायला लागलाय. हा रुबाब आहे की सवय, आणि मुलाला थांबवावं का, असा तुमचा प्रश्न. मीही डेकवरचा, म्हणजे नॅव्हिगेशनच्या बाजूचा ऑफिसर होतो आणि मीही अशीच भाषा बोलत घरी बसलोय. तेव्हा माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

रुबाब थोडा असतोच, नाही कशाला म्हणू? पण खरं कारण वेगळं आहे. खास बोली प्रत्येक धंद्याला असते. वकिलाची असते, गवंड्याची असते, डॉक्टरची तर असतेच. पण ती कामाच्या वस्तूंपुरती. सर्जन संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या भिंतीला भिंत आणि पलंगाला पलंगच म्हणतात. बोटीवर कामाची जागा आणि राहायची जागा एकच. महिनोन्‌महिने तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, तिथेच कपडे वाळत घालायचे. त्यामुळे आमच्या धंद्याची बोली थेट बिछान्यापर्यंत येते: झोपायची जागा बंक, पायाखाली डेक, डोक्यावर डेकहेड, जिना म्हणजे लॅडर, खिडकी म्हणजे पोर्टहोल. नौदलातला माणूस असेल तर संडासाला हेड्स म्हणेल, कारण शिडाच्या जहाजांवर खलाशांची ती सोय अगदी पुढे, जहाजाच्या डोक्याशी असायची. निवृत्त सर्जनला घरात चिमट्याचं नाव घ्यायची वेळ येत नाही. सासऱ्यांना भिंत मात्र रोज दिसते.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे, आणि ते जास्त खोल रुजलेलं असतं. उजवं-डावं हे बघणाऱ्याच्या तोंडावर ठरतं. बोटीवर एकजण पुढे तोंड करून उभा, दुसरा मागे, तिसरा आडवा. म्हणून पुढे तोंड केल्यावर जी बाजू उजवीकडे येते ती कायमची स्टारबोर्ड, तुम्ही कुठेही वळा. डावी बाजू पोर्ट. पूर्वी तिला लार्बोर्ड म्हणत. वाऱ्यावादळात स्टारबोर्ड आणि लार्बोर्ड हे शब्द कानाला सारखेच लागायचे, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये लार्बोर्ड बंद करून पोर्ट कायम केलं. अमेरिकेच्या नौदलाने 1846 मध्ये तेच केलं. ऐकण्यातल्या गफलतीने बोट खडकावर जाऊ शकते, तिथे शब्द चवीने निवडत नाहीत.

यातूनच आणखी एक सवय लागते, ती तुमच्या लक्षात आलीय का बघा. ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, ऑफिसर ‘स्टारबोर्ड टेन’ म्हणाला की सुकाणूवरचा माणूस आधी ‘स्टारबोर्ड टेन’ असं परत म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा तसं कळवतो. घरी तुम्ही ‘बाबा, येताना दूध आणा’ म्हटलंत आणि ते ‘दूध आणतो’ म्हणाले, शिवाय आल्यावर ‘दूध आणलं’ असंही जाहीर केलं, तर तो टोमणा नाही. उलट त्यांनी काही सांगितल्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत तर ते तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणतील. तुम्ही बहिऱ्या आहात असं त्यांना वाटत नाही; हुकूम पोचल्याची खूण त्यांना मिळालेली नसते, एवढंच. बोटीवरच्या माणसांच्या घरातली निम्मी भांडणं यावरून होत असावीत असा माझा अंदाज आहे.

शिवाय बोटीवर कप्तान एका देशाचा, इंजिनियर दुसऱ्या, कुक तिसऱ्या. यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठरावीक वाक्यांचा एक संचच मंजूर केला. पण कुठल्याही संघटनेने मंजूर न केलेले शब्द त्याहून चिवट निघाले. ब्रिटिश नौदलात कपडे धुण्याला आजही ‘धोबी’ म्हणतात, आणि साबणाच्या पावडरीला ‘धोबी डस्ट’. आपल्याकडच्या खलाशांच्या तोंडी ‘हाबेस’ म्हणजे वर उचल, ‘आरया’ म्हणजे खाली सोड. हे क्रेनवर काम करणाऱ्यांनाही नीट कळतं. जुना सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, घरातलं कपाट हलवतानाही हेच ओरडणार, दुसरं काय ओरडेल?

काही शब्दांमागची नोकरीच संपलीय. रेडिओ ऑफिसरला सगळे ‘स्पार्क्स’ म्हणायचे. 1 फेब्रुवारी 1999 पासून उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओवर चालणारी नवी संदेशव्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ते पदच बोटींवरून जवळपास नाहीसं झालं. तरी आमच्या ओळखीतले स्पार्क्स अजून स्पार्क्सच आहेत. त्यांचं खरं नाव आठवायला मला क्षणभर थांबावं लागतं.

सगळे मात्र सारखे बोलत नाहीत. इंजिनरूमवाल्याच्या तोंडी स्टारबोर्ड कमी येईल. तो जेवण आटोपल्यावर ‘फिनिश्ड विथ इंजिन्स’ (इंजिनांचं काम संपलं, हा ब्रिजवरून येणारा हुकूम) म्हणत ताट सारेल. मेट लोकांचा, म्हणजे डेकवरच्या ऑफिसरांचा, पिंड आणखी वेगळा. सासरे पहाटे चारला आपोआप उठत असतील तर ते बहुधा चीफ ऑफिसर असावेत, कारण चार ते आठची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, परंपरेने त्यांची. बारा ते चार सेकंड ऑफिसरची. ती बरीच वर्षं केलेला माणूस मध्यरात्री ताजातवाना असतो आणि घरच्यांना नकोसा होतो. आणि जो उठसूट ‘अहॉय’ म्हणतो तो बोटीवर फारसा गेलेला नसतो, हे माझं वैयक्तिक मत. टेलिफोन उचलल्यावर ‘अहॉय’ म्हणावं असा आग्रह अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा होता, आणि तेही खलाशी नव्हते.

सासऱ्यांची वाहवा मिळवायची असेल तर कोणी ‘ताशी वीस नॉट’ म्हटल्यावर त्याला टोका. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, 1852 मीटर. त्यात तास आधीच आलेला असतो. यावर ते अर्धा तास बोलतील, तेवढी तयारी ठेवा.

मुलाला थांबवू नका. कुठे कोणती भाषा बोलायची हे पोरांना बरोबर कळतं. थांबवायचं असेल तर फक्त गाडीतलं थांबवा, कारण चौकात चालवणाऱ्याला स्टारबोर्ड कुठला याचा हिशेब करायला वेळ नसतो. सासरे ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर त्यांच्याच धंद्यातला नियम सांगा: चाकावरच्या माणसाला लगेच कळेल अशाच शब्दांत हुकूम द्यायचा. यावर बोटीवरचा माणूस वाद घालत नाही. मग त्यांनी ‘उजवीकडे’ म्हटलं की चालवणाऱ्याने आधी ‘उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणावं आणि मगच वळावं.