डब्लिनमध्ये मुलीला कॅथलिक नसलेली प्राथमिक शाळा मिळेल का?

चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून डब्लिनला निघालेल्या पालकांचा हा प्रश्न. त्यांना तिथे 'सेंट' नावाच्याच शाळा दिसल्या, आणि प्रवेशाला बाप्तिस्मा लागेल का ही चिंता आहे. शाळा मिळू शकते, पण घर कुठे भाड्याने घेता त्यावर ते ठरेल. पुण्याहून निघायच्या आधी घराचा करार केला नसेल, तर अगोदर त्या भागातल्या शाळा बघा.

तुम्हाला दिसलेल्या 'सेंट' नावाच्या शाळा म्हणजे खासगी कॉन्व्हेंट नव्हेत. रचना आपल्या अनुदानित शाळांसारखी असते: शिक्षकांचा पगार सरकारचा, संस्था चर्चची. संस्थाचालकाला तिथे 'पेट्रन' म्हणतात आणि धर्मशिक्षण काय द्यायचं ते तो ठरवतो. आयर्लंडमधल्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक पेट्रनच्या आहेत.

बाप्तिस्म्याची (ख्रिस्ती दीक्षाविधीची) चिंता सोडा. 2018 च्या प्रवेश कायद्यापासून कॅथलिक प्राथमिक शाळांना धर्म पाहून प्रवेश देता येत नाही. जागा कमी पडल्या तर भावंडं, राहण्याचा भाग, वय असे निकष लागतात. हा 'भाग' पुष्कळदा पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) हद्दीनेच मोजतात, पण हद्दीत राहणं पुरेसं असतं.

धर्माच्या तासाला न बसण्याचा हक्क तर आयर्लंडच्या घटनेतच आहे (कलम 44.2.4, आपल्या 28(3) चं भावंडच). घोडं अडतं ते व्यवहारात. त्या वेळी मुलाकडे बघायला वेगळा शिक्षक नसतो, म्हणून ते बहुधा त्याच वर्गात मागे चित्र रंगवत बसतं आणि सगळं ऐकतं. सेकंड क्लासला, म्हणजे सात-आठ वर्षांचं असताना, फर्स्ट कम्युनियनची (कॅथलिक मुलांच्या पहिल्या प्रसादविधीची) तयारी सुरू झाली की हे जास्त जाणवतं. अशा मुलांची सोय काय, हे प्रवेश धोरणात लिहिणं शाळेला बंधनकारक आहे. तो परिच्छेद वाचाच. नुसतं 'मुख्याध्यापकांना भेटा' एवढंच असेल, तर भेटून नेमकं विचारा: मूल बसणार कुठे, करणार काय?

पर्याय मुख्यतः दोन. 'एज्युकेट टुगेदर' या संस्थेच्या शाळा, ज्यांतली पहिली, 'डॉकी स्कूल प्रोजेक्ट', 1978 मध्ये निघाली. तिथे कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळेबाहेर होते. आणि 2008 पासूनच्या कम्युनिटी नॅशनल स्कूल, ज्यांचं पेट्रन स्थानिक शिक्षण मंडळ असतं. आयरिश माध्यमाच्या 'गेलस्कॉल'मध्ये मात्र पेट्रन तपासा, काही कॅथलिकही आहेत.

2030 पर्यंत अशा बहुधर्मी शाळा 400 करण्याचं सरकारी उद्दिष्ट आहे, पण त्या भरवशावर राहू नका. 2012-13 मध्ये 43 भागांतल्या पालकांना विचारलं, तेव्हा 28 ठिकाणी शाळेचं पेट्रन बदलायला पुरेशी मागणी निघाली. तरी हस्तांतरं रखडली, कारण इमारती नि जमिनी बहुतेक चर्चच्या, आणि 'बदल हवा, पण आमची शाळा सोडून' असं म्हणणारे पालकही कमी नाहीत.

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी अर्ज आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपूर्वी घेत नाहीत. मुदत किमान तीन आठवडे असते. एकाच शाळेवर विसंबू नका, तीन-चार ठिकाणी भरा. सक्ती सहाव्या वर्षापासून आहे, त्यामुळे चार वर्षांच्या मुलीसाठी एक वर्ष थांबलात तरी चालतं. जागा भरल्या म्हणून नकार आला, तर 21 दिवसांत शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे फेरविचार मागा. तो झाल्यावरच तिथल्या शिक्षण कायद्याच्या कलम 29 खाली अपील करता येतं.