जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं दिसणं फोटोग्राफरला महत्त्वाचं असतं का?

असतं, आणि असायलाच हवं. पण नुसतं शोकेसमध्ये शोभतं म्हणून नाही. त्या कॅमेऱ्यांवर जे डोळ्याला दिसतं तेच हाताला लागतं. १९८२ चा निकॉन एफएम२ घ्या: शटर स्पीडची (उजेड किती वेळ आत घ्यायचा त्याची) चकती वर, अ‍ॅपर्चरची (लेन्सचं भोक किती उघडायचं त्याची) रिंग लेन्सवर. वरून एक नजर टाकली की सगळं सेटिंग कळतं. ऑलिंपस ओएम-१ मध्ये तर स्पीडची रिंग लेन्सच्या मुळाशीच आहे, म्हणजे व्ह्यूफाइंडरवरून डोळा न काढता डाव्या हाताने स्पीड बदलता येतो.

समोरच्या माणसावरही परिणाम होतो. आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भली मोठी लेन्स रोखली की पांढऱ्या बाराबंदीतला माणूस लगेच ताठ होतो. छोटा जुना कॅमेरा दिसला की एखादे आजोबा आपणहून विचारतात, "अजून रोल मिळतो का ओ?" त्यानंतरचा फोटो मोकळा येतो.

क्रोम की काळा, लेदर कोणतं, हे ज्याच्या त्याच्या आवडीचं. फोटोत काही फरक पडत नाही. म्हणून विकत घेताना चकाकीवर भाळू नका. मागचं झाकण उघडून कडेचा फोम चिकट झालाय का बघा (तो गेला की रोलवर उजेड शिरतो), लेन्स उजेडात धरून बुरशी शोधा, एक सेकंदाच्या स्पीडवर शटर वाजवा. तिथे अडखळला तर आधी दुरुस्तीचा खर्च विचारा, मग भाव करा.